"मोठी झाली का होते सरळ": मुलांचे वाकडे वाढणारे पाय आणि ऑपरेशनची वेळ

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांच्या गावात नेट धड चालत नाही, त्यांच्यासाठी. बोलताना जे बोलले तेच इथे आहे, फक्त थोडं सलग केलंय.

मी वर्ध्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. म्हणजे ऑपरेशन करणारे हात माझे नाहीत. ऑपरेशन झाल्यावर मूल माझ्याकडे येतं, गुडघा वाकवायला, चालायला. आणि बऱ्याचदा ऑपरेशनच्या आधीही येतं, कारण आईवडिलांना वाटतं की मालिश किंवा व्यायामाने भागेल. म्हणून हा विषय मला दोन्ही बाजूंनी दिसतो.

विषय आहे लहान मुलांच्या पायाची हाडं असमान वाढण्याचा. कुणाचे गुडघे एकमेकांवर आपटतात, कुणाचे पाय धनुष्यासारखे फेंगडे होतात, कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड राहतो. या भागाचं निमित्त म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या एका आईचा व्हॉइस मेसेज. मुलगी साडेअकरा वर्षांची, सहावीत. ती म्हणते, "पोट्टीचे गुडघे चालताना एकमेकाले लागतेत जी. घरचे म्हणतेत, मोठी झाली का होते सरळ. थांबू का दाखवू?"

मंडळी, हे "मोठी झाली की होईल सरळ" वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. गंमत अशी की ते साफ चूक नाही. तीन वर्षांच्या मुलासाठी ते बरोबर आहे. बारा वर्षांच्या मुलासाठी तेच वाक्य महागात पडतं. हा फरक का पडतो, तेच आज समजून घेऊ.

हाड वाढतं कुठून?

आपल्याला वाटतं हाड रबरासारखं सगळीकडून ताणून लांब होतं. तसं नाही. लांब हाडाच्या टोकाजवळ कुर्चेचा एक पातळ थर असतो. त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथे नवी कुर्चा तयार होते, तिचं हाड होतं, आणि हाड टोकाकडून लांब होत जातं. एक्स-रेमध्ये हा थर काळ्या रेषेसारखा दिसतो. पुष्कळ पालक ती रेषा बघून घाबरतात, "हाड मोडलं का?" म्हणून विचारतात. मोडलेलं नसतं, ती वाढीची जागा असते.

पायाच्या बाबतीत सगळ्यात कामाच्या दोन ग्रोथ प्लेट गुडघ्याजवळ आहेत. एक मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, दुसरी नडगीच्या वरच्या टोकाला. पायाच्या एकूण वाढीपैकी साधारण दोन तृतीयांश वाढ या दोन जागांतून होते. ढोबळ हिशेब असा, की शाळकरी वयात मांडीकडची प्लेट वर्षाला सुमारे १ सेंटिमीटर देते आणि नडगीची सुमारे ६ मिलिमीटर. मुलींमध्ये ही वाढ साधारण १४ व्या वर्षी संपते, मुलांमध्ये १६ व्या. त्यानंतर कुर्चेचं पूर्ण हाड होतं आणि काळी रेषा पुसली जाते.

ही तारीख लक्षात ठेवा. पुढचं सगळं या तारखेवर अवलंबून आहे.

कोणता वाकडेपणा आपोआप जातो?

जन्मलेलं बाळ फेंगडंच असतं. पोटात पाय दुमडून बसलेलं असतं ना! दीड-दोन वर्षांपर्यंत पाय बाहेरून गोल दिसतात. मग ते सरळ होतात, आणि तिथे न थांबता उलट्या बाजूला जातात. तीन-चार वर्षांच्या मुलाचे गुडघे जवळ आणि घोटे लांब दिसतात, हे अगदी नेहमीचं आहे. सहा-सात वर्षांपर्यंत पाय मोठ्या माणसासारखे होतात.

म्हणजे आजी म्हणते ते खोटं नाही. तिने घरातली दहा पोरं अशीच सरळ होताना पाहिलेली असतात. फक्त ती सगळी सातच्या आतली होती.

मग काळजी कधी करायची? या खुणा लिहून ठेवा:

- दोन-तीन वर्षांनंतरही पाय फेंगडे आहेत आणि फेंगडेपणा वाढतोय.
- सात-आठ वर्षांनंतरही गुडघे आपटतात. मूल उभं असताना दोन्ही गुडघे एकमेकांना हलकेच टेकवा आणि घोट्यांमधलं अंतर मोजा. ८ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे मोठ्या माणसाच्या चार बोटांपेक्षा जास्त असेल तर दाखवा.
- एकच पाय वाकडा आहे.
- मूल लंगडतं, किंवा सरळ उभं राहिल्यावर कंबर एका बाजूला खाली दिसते.
- गुडघा दुखतो, मूल खेळताना मागे राहतं.
- उंची वयाच्या मानाने खूपच कमी आहे.

यातली एकही खूण असेल तर "बघू पुढे" म्हणायचं नाही. ऑपरेशन लागेलच असं नाही. पण कारण शोधायला हवं.

ऑपरेशनच्या आधी कारण

पहिला संशय मुडदूस, म्हणजे रिकेट्स. आपल्याकडे एवढं ऊन असताना मुडदूस कसा, असं लोक विचारतात. एक तर ऊन अंगणात असतं आणि मूल घरात. दुसरं, ड जीवनसत्त्व पुरेसं असूनही जेवणात कॅल्शियम फार कमी असेल तर मुडदूस होऊ शकतो. भात-पोळी भरपूर, पण दूध, दही, तीळ, नाचणी ताटात नाही, असं वर्षानुवर्षं चाललं तर हाड मऊ राहतं आणि शरीराच्या वजनाखाली वाकतं. काही मुलांमध्ये लघवीतून फॉस्फरस जास्त निघून जाण्याचा आनुवंशिक दोष असतो. त्याचे उपचार वेगळे आणि लांबणारे.

म्हणून आधी रक्ततपासणी: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व. मुडदूस निघाला तर पहिले औषध, मग बाकीचं. लहान वयात नुसत्या औषधानेही बरेच पाय सरळ होतात. हाड मऊ असतानाच ऑपरेशन केलं तर वाकडेपणा परत येऊ शकतो. आणि कृपा करून मेडिकलमधून ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनं मनाने आणून देऊ नका. जास्त झालं तर त्याचा मूत्रपिंडांना त्रास होतो.

दुसरं कारण, लहानपणी हाडात किंवा सांध्यात झालेला पू. तान्ह्या बाळाला ताप येतो, पाय हलवत नाही, चार दिवसांनी ताप उतरतो आणि सगळे विसरून जातात. पण त्या पुवाने ग्रोथ प्लेटचा एक कोपरा जळलेला असतो. पाच-सहा वर्षांनी पाय आखूड किंवा वाकडा दिसायला लागतो. आपल्या विदर्भात सिकलसेलची मुलं आहेत. त्यांच्यात हाडाच्या अशा संसर्गाचा धोका जास्त असतो, आणि खुब्याचं हाड रक्तपुरवठ्याअभावी झिजण्याचाही. सिकलसेलची तपासणी झालेली नसेल तर ऑपरेशनआधी ती करून घ्या, कारण भूल देताना डॉक्टरांना ते माहीत असणं फार गरजेचं असतं.

तिसरं, ग्रोथ प्लेटमधून गेलेलं फ्रॅक्चर. झाडावरून पडणं, गाडीचा अपघात. प्लास्टर निघालं म्हणजे काम संपलं असं नाही. पुढे एक-दोन वर्षं वाढ नीट होतेय का ते बघावं लागतं.

चौथं, पिण्याच्या पाण्यातलं जास्तीचं फ्लोराइड. शेजारच्या यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात ते आढळतं. अशा पाण्याने फक्त दात पिवळे पडत नाहीत, गुडघेही आत वळू शकतात. गावातल्या अनेक मुलांचे दात डागाळलेले असतील तर हँडपंपाचं पाणी तपासून घ्या.

आणि काही मुलांमध्ये दोष जन्मजातच असतो. हाड कमी बनलेलं असतं, किंवा शरीराची एक बाजू जास्त वाढते.

छोट्या प्लेटचं ऑपरेशन

कारण सापडलं, औषध झालं, तरी पाय वाकडाच आहे आणि मुलाची वाढ अजून शिल्लक आहे. अशा वेळी जे ऑपरेशन होतं त्याला गाइडेड ग्रोथ म्हणतात, म्हणजे वाढीला वळण लावणं.

बैलगाडी हाकणाऱ्याला हे लगेच कळेल. गाडी डावीकडे वळवायची तर डावा कासरा ओढतात. डावा बैल थबकतो, उजवा चालत राहतो, गाडी वळते. कुणी गाडी उचलून फिरवत नाही. इथेही तसंच. गुडघे आत जुळत असतील तर गुडघ्याची आतली बाजू जास्त वाढलेली असते. आतल्या बाजूला एक छोटी दोन भोकांची प्लेट बसवतात, एक स्क्रू ग्रोथ प्लेटच्या वर आणि एक खाली. आतली वाढ थबकते, बाहेरची चालू राहते आणि पाय हळूहळू सरळ होतो. फेंगड्या पायात प्लेट बाहेरच्या बाजूने बसवतात.

कल्पना जुनी आहे. १९३३ मध्ये अमेरिकेत फेमिस्टर यांनी ग्रोथ प्लेट कायमची बंद करण्याची पद्धत मांडली. १९४९ मध्ये ब्लाउंट आणि क्लार्क यांनी काढता येणारे स्टेपल वापरले. कागदाला मारतो तसेच, पण जाड. ते कधी निसटायचे, कधी तुटायचे. आज वापरतात ती दोन स्क्रूंची प्लेट पीटर स्टीव्हन्स या सर्जननी रूढ केली. त्यांचा त्यावरचा पहिला लेख २००७ चा. म्हणजे आजच्या बाबांच्या लहानपणी हा उपाय नव्हताच. म्हणून घरातल्या मोठ्यांना तो माहीत नसेल तर त्यांचा दोष नाही.

चीर दोन-तीन सेंटिमीटरची. हाड कापत नाहीत. बहुतेक मुलं एक-दोन दिवसांत घरी जातात आणि लगेच पायावर वजन देऊ शकतात. पहिले आठ-पंधरा दिवस गुडघा वाकवायला मूल घाबरतं. तिथे माझं काम सुरू होतं.

वेग किती? महिन्याला साधारण अर्धा ते एक अंश. म्हणजे १० अंशांचा वाकडेपणा जायला दहा ते वीस महिने लागतात. आता मघाची तारीख आठवा. मुलीची वाढ १४ च्या आसपास संपते. साडेअकराव्या वर्षी तिच्याकडे दोन-अडीच वर्षं आहेत, पुरेशी. साडेतेराव्या वर्षी आली तर तीच प्लेट बसवून काही उपयोग नाही, कारण वळण लावायला वाढच उरलेली नसते.

आणखी एक. "पाळी सुरू होऊ दे, मग बघू" असं खूप आया म्हणतात. पाळी सुरू झाली म्हणजे वाढीचा मोठा भाग होऊन गेलेला असतो. गणित नेमकं उलटं आहे. दाखवायचं ते पाळीच्या आधी.

वेळ गेल्यावरही पाय सरळ होतो, नाही असं नाही. पण तेव्हा हाड कापून, कोनात फिरवून, मोठ्या प्लेटने जोडावं लागतं. काही आठवडे पायावर पूर्ण वजन देता येत नाही, शाळा बुडते, आणि गुडघ्याच्या बाहेरून जाणाऱ्या नसेला ताण बसण्याचा धोका असतो. एकाच वाकडेपणाची ही दोन ऑपरेशनं, आणि त्यांच्यात फरक फक्त दोन वर्षांचा.

एक पाय आखूड असेल तर

इथे हिशेब वेगळा. आधी मोजायचं कसं? आखूड पायाखाली लाकडी पाट्या ठेवत जातात, कंबर समतल होईपर्यंत. शिवाय पूर्ण पायाचा उभ्याने एक्स-रे. एखाद्या सेंटिमीटरचा फरक तर पुष्कळ धडधाकट माणसांतही असतो, त्यांना कळतही नाही.

ढोबळ नियम असा. वाढ संपल्यावर राहणारा फरक २ सेंटिमीटरपर्यंत असेल तर ऑपरेशन नको, चपलेचा तळ उंच केला की भागतं. आपला चांभारही ते करून देतो, फक्त माप डॉक्टरांकडून लिहून घ्या. २ ते ५ सेंटिमीटर असेल तर लांब पायाची वाढ थांबवण्याचा विचार होतो. त्याहून जास्त असेल तर आखूड पाय लांब करण्याचा.

लक्षात घ्या, मी "वाढ संपल्यावर राहणारा फरक" म्हटलं, आजचा फरक नाही. मुलाचा पाय साधारण चौथ्या वर्षी आणि मुलीचा तिसऱ्या वर्षी आपल्या शेवटच्या लांबीच्या निम्मा झालेला असतो. जन्मजात फरक पायाबरोबर वाढतो. त्या वयात २ सेंटिमीटर दिसला तर शेवटी तो ४ होणार.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. लांब पाय म्हणजे चांगला पाय. सर्जन म्हणतात, "या पायाची वाढ थांबवू." आणि वडील उठून उभे राहतात. "चांगल्या पायाला हात कायले लावता जी?" मला त्यांचं दुखणं कळतं. एक पाय आधीच अधू, दुसऱ्यावरही सुरी. पण मी त्यांना असं सांगते: चांगला पाय बिघडवत नाहीत, त्याला थोडं आधी थांबवतात, म्हणजे मागचा येऊन गाठेल. ऑपरेशन लहान आहे, किंमत म्हणजे उंची दोन-तीन सेंटिमीटर कमी राहते. दुसरा रस्ता आखूड पाय लांब करण्याचा आहे. तो कित्येक महिन्यांचा आहे. दोन्ही ऐका आणि मग ठरवा.

इथेही वेळेचा हिशेब. समजा मुलीच्या हाडांचं वय ११ आहे. ते डाव्या हाताच्या एक्स-रेवरून काढतात, जन्मतारखेपेक्षा ते मागेपुढे असू शकतं. वाढीची तीन वर्षं उरली. मांडीकडची प्लेट वर्षाला १ सेंटिमीटर देते. आज ती बंद केली तर सुमारे ३ सेंटिमीटरचा फरक भरून निघेल. तेच ऑपरेशन १३ व्या वर्षी केलं तर फक्त १ सेंटिमीटर. आणि फार लवकर केलं तर चांगला पायच आखूड राहील. म्हणून डॉक्टर कधीकधी "अजून आठ महिन्यांनी या" म्हणतात. ती टाळाटाळ नसते. ती तारीख असते, कॅलेंडरवर लिहून ठेवा.

रिंग लावून पाय लांब करणं

फरक मोठा असेल तर इलिझारोव्ह पद्धत. गाव्रिल इलिझारोव्ह हे सायबेरियातल्या कुर्गान गावचे डॉक्टर. १९५० च्या दशकात त्यांनी ही पद्धत उभी केली. पायाभोवती धातूच्या रिंगा, त्यांतून हाडात आरपार गेलेल्या ताणलेल्या तारा, सायकलच्या चाकासारख्या. हाड कापतात, काही दिवस तसंच ठेवतात आणि मग रोज १ मिलिमीटर दूर सरकवतात. तेही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर, दिवसातून चार वेळा. मधल्या फटीत नवं हाड तयार होतं.

नट फिरवायचं काम घरच्यांचं. ५ सेंटिमीटर म्हणजे पन्नास दिवस फिरवणं. पण रिंग पन्नास दिवसांत निघत नाही. नवं हाड कडक व्हायला प्रत्येक सेंटिमीटरला एक ते दीड महिना धरा. म्हणजे पाच ते सात-साडेसात महिने. तारांभोवतीची जागा रोज साफ करायची, लाली किंवा पू दिसला तर त्याच दिवशी फोन करायचा. हाड लांब होतं तसे स्नायू ताणले जातात, गुडघा आखडतो, टाच वर उचलली जाते. व्यायाम चुकला तर लांबी मिळते आणि गुडघा जातो. म्हणून रिंग लावायच्या आधीच विचारा: घरी रोज करणारं कोण आहे? सोयाबीन काढणीच्या नाहीतर कापूस वेचणीच्या दिवसांत सगळं घर शेतात असतं. तो काळ धरूनच तारीख ठरवा, डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

परत यायचंच

छोट्या प्लेटच्या मुलांबद्दल माझी सगळ्यात मोठी विनंती ही. प्लेट बसवल्यावर दर तीन महिन्यांनी तपासणी आणि पाय सरळ झाला की प्लेट काढणं. प्लेटला कळत नाही की पाय सरळ झाला. ती तशीच राहिली तर गुडघे आत जुळणाऱ्या मुलाचे पाय उलट फेंगडे होऊ शकतात. पाय सरळ दिसला, दुखत नाही, मग कशाला जायचं, असं वाटतं. नेमकं तेव्हाच जायचं असतं. लहान वयात प्लेट काढली तर थोडा वाकडेपणा परत येऊ शकतो, म्हणून काढल्यानंतरही वाढ संपेपर्यंत अधूनमधून दाखवा.

कुठे जायचं?

सुरुवात गावातूनच करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतात. २०१३ पासून ही योजना आहे, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. पथक आलं की मुलाला पुढे करा, गुडघे दाखवा, नाव लिहून घ्यायला लावा.

आपल्या जिल्ह्यात दोन मेडिकल कॉलेजं आहेत. सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेली, आणि तिचं कस्तुरबा रुग्णालय. सावंगी मेघेला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. दोन्हीकडे हाडांचा विभाग आहे. आर्वी, आष्टी, कारंजाहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा: जुने एक्स-रे, लसीकरणाचं कार्ड, लहानपणी ताप किंवा ऑपरेशन झालं असेल तर त्याचे कागद बरोबर आणा. कधीपासून वाकडं दिसायला लागलं हे सांगणारा जुना फोटो असेल तर तोही. मोबाइलमधला चालतो.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. भरती व्हायच्या आधी त्याला ऑपरेशनचं नाव सांगून विचारा, हे बसतं का, प्लेट काढायचं ऑपरेशनही बसतं का.

थोडक्यात प्रश्न

मालिशने सरळ होतील? नाही. बुटांनी, पट्ट्यांनी? गुडघे जुळण्यावर त्यांचा उपयोग नाही. हाडवैदाकडे ओढून घेतलं तर? अजिबात नको, ग्रोथ प्लेटलाच इजा होईल. व्यायामाने? स्नायू चांगले होतात, हाडाचा कोन बदलत नाही. हे मी स्वतः व्यायाम शिकवणारी असून सांगतेय. मांडी घालून किंवा डब्ल्यूसारखं बसल्याने पाय वाकडे होतात का? त्याची काळजी सोडा, त्याऐवजी घोट्यातलं अंतर मोजा.

आणि मेसेज पाठवणाऱ्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: थांबू नका, या महिन्यातच दाखवा. कदाचित डॉक्टर म्हणतील काही करायची गरज नाही. तरीही ते आत्ता कळलेलं बरं.

हा भाग तुमच्या गावच्या आशाताईंना आणि अंगणवाडी ताईंना नक्की पाठवा. प्रश्न असतील तर मुलाचं वय आणि घोट्यांमधलं अंतर लिहून पाठवा, फोटोत चेहरा नको. पुढच्या भागात शाळेच्या दप्तराचं वजन आणि पाठदुखी. भेटू.